इलेक्ट्रोडवर चालणाऱ्या पाणी-तपासणी यंत्राचं कॅलिब्रेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएच (म्हणजे सामू), ईसी (विद्युतवाहकता), विरघळलेला ऑक्सिजन, ओआरपी (ऑक्सिडीकरण-क्षपण क्षमता), अमोनियम किंवा नायट्रेट मोजणाऱ्या यंत्रांवर रोज काम करणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पीएचबद्दल जास्त लिहिलं आहे, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो आणि तिथे शिकलेलं पुढे सगळीकडे उपयोगी पडतं.

कॅलिब्रेशन करतो म्हणजे नेमकं काय करतो?

इलेक्ट्रोडला पीएच कळत नाही. तो फक्त काही मिलिव्होल्ट देतो. त्या मिलिव्होल्टचं पीएचमध्ये रूपांतर करायला यंत्राला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. पहिली, पीएच ७ ला इलेक्ट्रोड किती मिलिव्होल्ट देतो. याला ऑफसेट म्हणतात आणि आदर्श इलेक्ट्रोडमध्ये तो शून्य असतो. दुसरी, पीएच एकने बदलला की मिलिव्होल्ट कितीने बदलतात. हा स्लोप, २५ अंश सेल्सिअसला आदर्श ५९.१६ मिलिव्होल्ट. इलेक्ट्रोड जुना होत जातो तसे हे दोन्ही आकडे सरकतात. कॅलिब्रेशनमध्ये आपण ते नव्याने मोजून यंत्रात भरतो, बस.

त्यामुळे कॅलिब्रेशन केलं म्हणून इलेक्ट्रोड दुरुस्त होत नाही. मळलेला इलेक्ट्रोड कॅलिब्रेट केला तर यंत्र त्या मळाशी जुळवून घेतं, आणि मळ निघाला किंवा वाढला की रिडिंग पुन्हा चुकतं. नवीन माणसाला मी सगळ्यात आधी हेच सांगतो. आधी साफसफाई, मग तपासणी आणि शेवटी कॅलिब्रेशन. हा क्रम उलटा करू नका.

बटण दाबायच्या आधी काय बघायचं?

मिलिव्होल्ट. जवळजवळ प्रत्येक यंत्रात मिलिव्होल्ट दाखवायची सोय असते, पण कित्येक जण ती वर्षानुवर्षं उघडत नाहीत. आधी ७.०० च्या बफरमध्ये (बफर म्हणजे ठरावीक पीएच टिकवून ठेवणारं द्रावण) आणि मग ४.०१ च्या बफरमध्ये आकडा स्थिरावू द्या, दोन्ही लिहून घ्या. २५ अंशाला दोन्हींत आदर्श फरक सुमारे १७७ मिलिव्होल्टचा असतो.

तीन इलेक्ट्रोड घेऊन बघू. पहिल्याने ७ मध्ये −८ दिले, ४.०१ मध्ये +१६२. फरक १७०. त्याला २.९९ ने भागलं की ५६.९, म्हणजे आदर्श स्लोपच्या ९६ टक्के. इलेक्ट्रोड ठणठणीत आहे, कॅलिब्रेट करा आणि कामाला लागा.

दुसऱ्याने ७ मध्ये −४१ दिले, ४.०१ मध्ये +१३३. फरक १७४, स्लोप ९८ टक्के. काचेचा बल्ब, म्हणजे टोकाचा पीएच टिपणारा भाग, उत्तम आहे, पण ऑफसेट फार सरकलाय. अशा वेळी संशय रेफरन्सवर, म्हणजे तुलनेसाठी स्थिर व्होल्टेज देणाऱ्या भागावर, घ्यायचा. आतलं पोटॅशियम क्लोराइड पातळ झालं असेल, नमुन्यातलं काही आत शिरलं असेल किंवा जंक्शन, म्हणजे रेफरन्सचं द्रावण बाहेर झिरपायची बारीक वाट, तुंबलं असेल.

तिसऱ्याने ७ मध्ये +३४ दिले, ४.०१ मध्ये +१७९. फरक फक्त १४५, स्लोप ८२ टक्के. इथे काच थकली आहे किंवा तिच्यावर थर बसला आहे. साफ करून पुन्हा मोजा.

साधारणपणे ऑफसेट ±३० मिलिव्होल्टच्या आत आणि स्लोप ९५ ते १०२ टक्क्यांच्या दरम्यान असला की मी निर्धास्त असतो. ९० च्या खाली गेला की त्या दिवशी त्या इलेक्ट्रोडवर अहवाल देत नाही. बरीच यंत्रं ८५ टक्क्यांलाही ‘कॅलिब्रेशन यशस्वी’ दाखवतात, म्हणून त्या शब्दांवर विसंबू नका.

दोन बफर पुरेत की तीन हवेत?

नमुन्याचा पीएच दोन बफरच्या मध्ये यायला हवा, हा मुख्य नियम. पाणी ७ ते ८.५ च्या दरम्यान असेल तर ७ आणि १० ही जोडी ४ आणि ७ पेक्षा योग्य, कारण ८.२ चा नमुना ४ आणि ७ च्या बाहेर पडतो. आम्लधर्मी आणि अल्कधर्मी दोन्ही प्रकारचे नमुने येत असतील तर तीन बफर घ्या. फक्त ७ वर केलेलं एका बिंदूचं कॅलिब्रेशन ऑफसेट सुधारतं, स्लोपबद्दल काहीच सांगत नाही.

४.०१, ६.८६ आणि ९.१८ असाही एक संच मिळतो. दोन्ही संच चांगले. मात्र यंत्राच्या सेटिंगमध्ये ७.०० निवडून समोर ६.८६ ची बाटली ठेवली तर सुरुवातच ०.१४ च्या चुकीने होते. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

बफर किती दिवस वापरायचा?

बंद बाटलीसाठी लेबलवरची तारीख पाळा. उघडल्यावर बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. ४ आणि ७ चे बफर काही महिने तग धरतात. १० चा मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि त्याचा पीएच हळूहळू खाली येतो. तो महिन्याभरात संपेल एवढाच घ्यावा, आणि घट्ट झाकण लावून ठेवावा.

हे मी अनुभवाने शिकलो. एका ठिकाणी काम करताना अल्कधर्मी नमुन्यांची रिडिंग्ज आठवडाभर थोडी जास्त येत होती. ४ आणि ७ मध्ये सगळं सुरळीत. मी दोनदा इलेक्ट्रोड बदलला, केबल बदलली. शेवटी १० च्या बफरची नवी बाटली फोडून मोजलं तेव्हा उलगडा झाला. जुन्या बाटलीचं झाकण सैल राहिलं होतं, द्रावण ९.८ च्या आसपास उतरलं होतं आणि मी रोज सकाळी यंत्राला ‘हे १०.०१ आहे’ असं शिकवत होतो. यंत्र चोख होतं, त्याला शिकवणारा मी चुकत होतो. त्या आठवड्याचे सगळे अहवाल परत काढावे लागले.

बाटलीत इलेक्ट्रोड कधीही बुडवू नका. छोट्या बीकरमध्ये थोडा बफर ओता, आणि वापरलेला बफर परत बाटलीत न ओतता टाकून द्या.

यंत्रात तापमान भरपाई आहे. मग तापमानाची काळजी का करायची?

कारण ती भरपाई फक्त इलेक्ट्रोडच्या स्लोपची असते. २० अंशाला आदर्श स्लोप ५८.१७ असतो, ३० अंशाला ६०.१५. यंत्र हा फरक सांभाळतं. बफरचा स्वतःचा पीएचही तापमानानुसार बदलतो, आणि ते यंत्राला ठाऊक असेलच असं नाही. बोरॅक्सचा बफर २५ अंशाला ९.१८, २० ला ९.२३ आणि ४० ला ९.०७ असतो. थॅलेटचा ४ चा बफर त्या मानाने जवळजवळ हलत नाही. बाटलीवर छापलेला तक्ता त्यासाठीच असतो. यंत्र बफर आपोआप ओळखत असेल तर हा तक्ता त्याच्या आत असतो, आकडा हाताने भरत असाल तर त्या तापमानाचाच भरा.

नमुन्याचंही तसंच आहे. शुद्ध पाण्याचा उदासीन बिंदू २५ अंशाला ७.०० असतो, ६० अंशाला सुमारे ६.५. हा बदल खरा आहे, तो ‘सुधारायचा’ नसतो. म्हणून पीएचसोबत तापमान लिहिलंच पाहिजे.

प्रत्यक्ष कॅलिब्रेशन कसं करायचं?

बफर आणि नमुने तासभर आधी एकाच खोलीत आणून ठेवा. इलेक्ट्रोड साठवणीच्या द्रावणातून काढा, उजेडासमोर धरून बल्बच्या आत बुडबुडा आहे का बघा. असेल तर थर्मामीटर झटकतात तसा हलकेच खाली झटका. भरता येणारा इलेक्ट्रोड असेल तर भरणाच्या छिद्राचं रबर उघडा आणि आतल्या द्रावणाची पातळी बीकरमधल्या पाण्यापेक्षा वर आहे ना ते पाहा. छिद्र बंद राहिलं तर रेफरन्सचं द्रावण जंक्शनमधून झिरपत नाही आणि रिडिंग तासभर भटकत राहतं.

डिस्टिल्ड वॉटरने धुवा. मऊ टिश्यू बल्बला फक्त टेकवा, थेंब तो आपोआप ओढून घेतो. पुसू नका, घासण्याने काचेवर स्थिर विद्युतभार येतो आणि आकडा स्थिरावायला वेळ लागतो. ज्या बफरमध्ये बुडवायचं आहे त्याच्याच थोड्या थेंबांनी शेवटचं विसळणं तर आणखी उत्तम.

आधी ७ चा बफर. बल्ब आणि जंक्शन दोन्ही बुडाले पाहिजेत. जंक्शन म्हणजे बाजूला, बल्बच्या थोडं वर असलेला तो बारीक पांढरा ठिपका. सावकाश, एकसारखं ढवळा, आणि कॅलिब्रेशनला ढवळलं असेल तर नमुन्यालाही तसंच ढवळा. शेवटचा अंक अर्धा मिनिट हलला नाही की नोंद घ्या. मग धुऊन दुसरा बफर. शेवटी एक पायरी बहुतेक जण गाळतात, पण माझ्या दृष्टीने ती सगळ्यात मोलाची आहे. वेगळ्या बाटलीतला, कॅलिब्रेशनला न वापरलेला एखादा बफर घ्या आणि तो नमुना असल्यासारखा मोजा. ०.०५ च्या आत आला तर पुढे चला.

प्रत्येक बफरमध्ये ७ च्या आसपासच रिडिंग येतंय. काय झालं असेल?

बल्ब तडकला असण्याची दाट शक्यता. तडा डोळ्यांना दिसत नसला तरी आतलं आणि बाहेरचं द्रावण एकमेकांना भिडलं की काचेवर फरकच उरत नाही. मिलिव्होल्ट शून्याजवळ अडकतात, आणि शून्य म्हणजे यंत्राच्या भाषेत ७. दुसरी शक्यता कनेक्टरमध्ये ओल शिरल्याची. काचेचा रोध काही कोटी ओहमच्या घरात असतो, त्यामुळे कनेक्टरवरचा ओलावाही सिग्नल खाऊन टाकतो. कनेक्टर कोरडा करून पुन्हा बघा. तरीही ७ च आलं तर इलेक्ट्रोड गेला.

इलेक्ट्रोड कशात ठेवायचा? सुकला तर वाया गेला का?

३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये, किंवा उत्पादकाने दिलेल्या साठवणीच्या द्रावणात. टोपीत बल्ब बुडेल इतकं द्रावण पुरतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नका. त्यात काचेवरच्या थरातले आणि रेफरन्समधले आयन झिरपून जातात.

सुकला म्हणून लगेच फेकू नका. काचेच्या पृष्ठभागावर पाणी धरलेला एक अतिशय पातळ थर असतो आणि काम तोच करतो. पोटॅशियम क्लोराइडमध्ये रात्रभर ठेवलं की पुष्कळदा इलेक्ट्रोड सावरतो. टोपीभोवती जमलेली पांढरी पूड क्षाराची असते, ती बिघाडाची खूण नाही. धुतली की निघून जाते.

साफसफाई कशाने?

मळ कसला आहे त्यावर ठरतं. चुनखडीसारखा थर असेल तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १५ मिनिटं. तेलकटपणा असेल तर पातळ डिटर्जंट. सांडपाण्यातल्या प्रथिनांसाठी पेप्सिन घातलेलं आम्लधर्मी द्रावण मिळतं. जंक्शन काळं पडलं असेल तर ते बहुतेक सिल्व्हर सल्फाइड असतं, त्यासाठी थायोयुरियाचं द्रावण वापरतात. ते विषारी आहे, हातमोजे घाला. काहीही वापरलं तरी नंतर तासभर साठवणीच्या द्रावणात विश्रांती द्या आणि मगच कॅलिब्रेट करा.

ईसीचं कॅलिब्रेशन वेगळं कसं?

सोपं आहे. बहुतेक वेळा एकच मानक द्रावण पुरतं, कारण फक्त सेल कॉन्स्टंट (प्रोबच्या रचनेवर अवलंबून असलेला गुणक) ठरवायचा असतो. ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइड २५ अंशाला १४१३ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर दाखवतं, ०.१ मोलर १२.८८ मिलिसिमेन्स. तुमच्या पाण्याच्या जवळचं मानक निवडा.

तापमान इथे फार जड पडतं. नैसर्गिक पाण्याची ईसी अंशाला सुमारे २ टक्क्यांनी वाढते. यंत्र २५ अंशाला सुधारून आकडा दाखवत असेल तर १४१३ भरा. भरपाई बंद असेल आणि द्रावण २० अंशाला असेल तर खरा आकडा १२७८ असतो.

प्रोबच्या पोकळीत हवेचा बुडबुडा राहिला तर रिडिंग कमी येतं. बुडवल्यावर दोन-तीनदा वरखाली करा. ईसीच्या मानकात आम्ल शोषून घ्यायची किंवा पातळ होणं सोसायची ताकद नसते, ओल्या प्रोबवरचे काही थेंबही कमी ईसीच्या मानकाला बिघडवतात. आणि एकाच दांड्यावर पीएच आणि ईसी दोन्ही असतील तर ईसी आधी करा. पीएचच्या टोपीतलं पोटॅशियम क्लोराइड आणि बफर दोन्ही भरपूर खारट असतात. त्यांचा अंश राहिला की ईसीचा आकडा फुगतो.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ) वेगळं कॅलिब्रेट करावं लागतं का?

नाही. यंत्र ईसीला एका गुणकाने गुणून टीडीएस दाखवतं. हा गुणक साधारण ०.५ ते ०.७ असतो. दोन यंत्रांचे आकडे जुळत नसतील तर आधी दोघांचे गुणक बघा.

विरघळलेल्या ऑक्सिजनच्या प्रोबचं काय?

पातळ पडद्याचा, १९५६ साली लेलंड क्लार्क यांनी मांडलेल्या रचनेवर आधारलेला प्रोब असेल तर त्याचं कॅलिब्रेशन हवेतच होतं. मात्र हवा ओलसर हवी. टोपीत ओला स्पंज ठेवा, पडद्यावर पाण्याचा थेंब नाही याची खात्री करा, आणि तापमान स्थिर होऊ द्या. पोलरोग्राफिक (बाहेरून व्होल्टेज लागणाऱ्या) प्रकाराला चालू केल्यावर १० ते १५ मिनिटं तापू द्यावं लागतं, गॅल्व्हॅनिकला (स्वतःच व्होल्टेज तयार करणाऱ्या) नाही.

बहुतेक चुका हवेच्या दाबात होतात. समुद्रसपाटीला गोड्या पाण्यात २० अंशाला ९.०९, २५ ला ८.२६ आणि ३० ला ७.५६ मिग्रॅ प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो. उंचावर दाब कमी. १००० मीटरवर २५ अंशाला सुमारे ७.३ च. हवामानाच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीला सुधारलेला असतो, तो यंत्रात भरू नका. तुमच्या जागेचा प्रत्यक्ष दाब हवा. पाणी खारट असेल तर क्षारतेचा आकडाही भरा, खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

शून्याची तपासणी अधूनमधून करावी. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम ताजं सोडियम सल्फाइट विरघळवलं की त्यातला ऑक्सिजन संपतो. प्रोब काही मिनिटांत शून्याजवळ आला नाही तर पडदा फाटला असेल किंवा आतलं द्रावण जुनं झालं असेल. नंतर प्रोब भरपूर धुवा. हा प्रोब मोजताना ऑक्सिजन खातो, म्हणून नमुन्यात पाणी वाहतं किंवा ढवळलेलं असावं, नाहीतर रिडिंग आपोआप घसरत जातं.

ओआरपी कॅलिब्रेट करायचा की नुसता तपासायचा?

तपासायचा. मानक द्रावणात आकडा लेबलच्या जवळपास आला की पुरे. लेबलवरचा आकडा कोणत्या रेफरन्ससाठी आहे ते वाचा. सिल्व्हर क्लोराइड आणि हायड्रोजन इलेक्ट्रोड यांत सुमारे २०० मिलिव्होल्टचा फरक असतो. मानक हाताशी नसेल तर ४ आणि ७ च्या बफरमध्ये क्विनहायड्रोन संपृक्त होईपर्यंत घाला. दोन्हींत सुमारे १७७ मिलिव्होल्टचा फरक आला पाहिजे. प्लॅटिनमवर थर बसला असेल तर तो फरक कमी येतो.

अमोनियम, नायट्रेट, फ्लोराइडचे इलेक्ट्रोड रोज कॅलिब्रेट करावे लागतात का?

हो, आणि दिवसातून एकदाच करून भागेलच असं नाही. इथे १ मिलिव्होल्ट सरकलं की आकड्यात सुमारे ४ टक्क्यांची चूक येते. दहापट फरकाची दोन मानकं घ्या, उदाहरणार्थ १ आणि १० मिग्रॅ प्रतिलिटर, आणि पातळकडून दाटकडे जा. फरक ५४ ते ६० मिलिव्होल्टच्या दरम्यान यावा. मानकात आणि नमुन्यात तेच आयन-समायोजक द्रावण (आयनांची एकूण तीव्रता सारखी ठेवणारं), त्याच प्रमाणात टाका. पोटॅशियम अमोनियमचं सोंग घेतं आणि क्लोराइड नायट्रेटचं, हे कॅलिब्रेशनने सुटत नाही.

कॅलिब्रेशन किती दिवसांनी करायचं?

प्रयोगशाळेतला पीएच रोज, ईसी आठवड्याला, ऑक्सिजन वापरायच्या आधी प्रत्येक वेळी. पाइपलाइनवर बसवलेल्या यंत्रासाठी आधी महिनाभर दर आठवड्याला नुसती तपासणी करा आणि किती सरकलं ते लिहा. तो वेगच तुमचं वेळापत्रक ठरवतो. उगाच सारखं कॅलिब्रेट करण्यानेही प्रत्येक वेळी थोडी चूक आत येते.

पाइपलाइनवरचं यंत्र आणि प्रयोगशाळेतलं रिडिंग जुळत नाही. कोणाचं खरं?

कदाचित दोघांचंही. नमुना बाटलीत भरून नेईपर्यंत त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच वर सरकतो, तापमान बदलतं. म्हणून तुलना जागेवरच, हातातल्या मीटरने, त्याच नळातून वाहत्या पाण्यात करा. कॅलिब्रेशनआधी कंट्रोलरचं आउटपुट होल्डवर टाकायला, म्हणजे आहे तिथेच गोठवायला, विसरू नका. नाहीतर इलेक्ट्रोड ४ च्या बफरमध्ये गेला की डोसिंग पंप अल्कली ओतायला लागतो.

अगदी शुद्ध पाण्यात पीएच स्थिरावतच नाही.

बफर कितीही नीट जुळले तरी असं होऊ शकतं, कारण अशा पाण्यात वीज वाहायला आयनच नसतात. शिवाय हवेच्या संपर्कात शुद्ध पाणी कार्बन डायऑक्साइड घेऊन ५.६ च्या आसपास उतरतं. बंद फ्लो सेलमधून पाणी वाहतं ठेवा, मोकळं झिरपणाऱ्या जंक्शनचा इलेक्ट्रोड वापरा आणि प्रत्येक रिडिंगला पाच मिनिटं द्या.

इलेक्ट्रोड बदलायची वेळ आली हे कसं ओळखू?

प्रत्येक कॅलिब्रेशनचा ऑफसेट, स्लोप, तापमान आणि स्थिरावायला लागलेला वेळ वहीत लिहा. नवा इलेक्ट्रोड ७ वरून ४ वर अर्ध्या मिनिटाच्या आत पोहोचतो. तोच प्रवास दोन-तीन मिनिटांवर गेला, साफ करूनही स्लोप ९० च्या वर येईना, की नवा मागवा. पहिल्याच दिवशी त्याचे ७ आणि ४ मधले मिलिव्होल्ट वहीच्या नव्या पानावर वरच्या ओळीत लिहा.